दारूचा दाणा

मराठीत ‘दारू’ या एकाच शब्दाने दोन पदार्थ ओळखले जातात आणि दोहोंनीही घरे उद्ध्वस्त केल्याचे दाखले विपुल आहेत. मूळ फारसी शब्दाचा अर्थ मात्र अगदी सोज्ज्वळ आहे. ‘दारू’ म्हणजे औषध. चिनी भाषेतही बंदुकीच्या दारूला जे नाव आहे त्याचा अक्षरशः अर्थ ‘अग्नीचे औषध’ असाच होतो. या मिश्रणाची कृती सर्वप्रथम लेखनिविष्ट झाली तीही चीनमध्येच, इ. स. १०४४ च्या एका युद्धशास्त्रविषयक ग्रंथात. दोन परस्पर दूरच्या भाषांनी या जहाल पदार्थाला औषधाचे नाव द्यावे, हे मोठे अर्थपूर्ण वाटते. औषध कोणते, ते किती द्यावे, कोणाकडून घ्यावे आणि कोणत्या बाटलीजवळ ठेवू नये, हे चार प्रश्न जसे औषधाच्या बाबतीत टाळता येत नाहीत, तसेच ते या दारूच्या बाबतीतही टाळता येत नाहीत.

हा विषय या सदरात येण्याचे कारण बडोद्याच्या एका वाचक भगिनींचे पत्र. त्यांचे चिरंजीव नोकरीनिमित्त अमेरिकेत टेनेसी राज्यात असतात. तेथील सहकाऱ्यांच्या संगतीने त्यांना जुन्या पद्धतीच्या ठासणीच्या बंदुकीने निशाणबाजी करण्याचा छंद जडला आहे. त्यांनी ०.३२ इंच व्यासाच्या नळीची एक रायफल विकत घेतली. पण दुकानात दारूचे नाना डबे पाहून कोणता घ्यावा हे उमजेना, असे त्यांनी आईला कळवले. “मुलाला छंद सोड म्हणावे, तर तो वयाने मोठा झाला आहे; काही सांगावे, तर त्यातले मला ओ की ठो कळत नाही. निदान काय विचारावे एवढे तरी सांगा,” असे ताईंनी लिहिले आहे. मागणी रास्त आहे. आपल्या अनेक कुटुंबांतील मुले आज परदेशी आहेत, आणि तिथल्या छंदांची भाषा घरातल्या वडीलधाऱ्यांना कळली तर काळजीला निदान दिशा मिळते.

‘ठासणीची बंदूक’ हा शब्दप्रयोग आपल्या जुन्या पिढीला नवा नाही. काडतूस घालून मागून भरण्याच्या बंदुका येण्यापूर्वी बहुतेक सर्व बंदुका तोंडाकडूनच भरल्या जात. आधी नळीत दारू ओतायची, तीवर शिशाची गोळी ठेवायची आणि लाकडी गजाने ती तळापर्यंत ठासायची. मागच्या कानाशी रंजक नावाची बारीक दारू असे. जामगीने, पुढे गारगोटीच्या ठिणगीने, आणि त्याही पुढे स्फोटक टोपीने बार पेटवला जाई. ‘ठासून भरलेला’, ‘फुसका बार’, ‘बत्ती देणे’ हे आपले रोजचे शब्द त्या काळाचे अवशेष आहेत. आणि ‘काडतूस’ हा शब्द तर पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आला, हे गोव्याच्या वाचकांना सांगावयास नको.

अमेरिकेत ही विद्या अद्याप जिवंत आहे. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातील जर्मन वंशाच्या कारागिरांनी लांब नळीची, आत मळसूत्री खाचा पाडलेली रायफल घडवली. पुढे दक्षिणेकडील अ‍ॅपलेशियन डोंगराळ मुलखात तिचे सडपातळ रूप रूढ झाले. खारीसारख्या लहान शिकारीसाठी ०.३२ किंवा ०.३६ इंचाची नळी तेथे पुरेशी ठरे. या निवडीमागे डोंगरी संसाराची काटकसर होती. हा हिशेब आपल्या सराफी वजनांत मांडला तर चटकन ध्यानात येतो. या छंदात वजनासाठी ‘ग्रेन’ हे माप वापरतात. १८० ग्रेनांचा एक तोळा आणि १५ ग्रेनांचा एक मासा. ०.३२ इंचाच्या रायफलीची गोल गोळी साधारण ४५ ग्रेनांची, म्हणजे बरोबर पाव तोळ्याची असते. ०.५० इंचाच्या रायफलीची गोळी सुमारे १७७ ग्रेनांची, म्हणजे जवळजवळ तोळाभर. एक पौंड शिशात लहान गोळ्या दीडशेहून अधिक होतात, मोठ्या जेमतेम चाळीस. दारूचेही तसेच. लहान नळीला २० ग्रेन, म्हणजे सुमारे सव्वा मासा दारू पुरते. मोठीला ७० ग्रेन सहज लागते. दारू आणि शिसे दूरच्या दुकानातून पाठीवर वाहून आणणाऱ्या माणसाला हा फरक फार मोठा होता.

आता प्रत्यक्ष दारूकडे वळू. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. त्यात वजनाने सुमारे तीन चतुर्थांश वाटा एकट्या सोऱ्याचा. कोळसा हे सरपण, सोरा हा त्याला प्राणवायू पुरवणारा आणि गंधक हा पेट लवकर घेण्यास साह्य करणारा. या सोऱ्याचा आपल्या देशाशी जुना संबंध आहे. बिहारमधील नोनिया समाजाचे लोक खाऱ्या मातीतून सोरा काढीत आणि तो पाटण्याहून गंगेच्या मार्गाने युरोपला जाई. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेव्हा उत्तरेकडील सरकारसाठी लॅमो ड्यू पाँट हा दारूचा कारखानदार लंडनला गेला, तो हाच हिंदुस्थानी सोरा विकत घेण्यासाठी. त्याच सुमारास दोन्ही देशांत तंटा उद्भवल्याने ब्रिटिश सरकारने माल अडवून धरला आणि तंटा मिटल्यावर, १८६२ च्या आरंभी, तो सोडला. अमेरिकेच्या यादवीतले बार अशा रीतीने बिहारच्या मातीवर अवलंबून होते.

परंतु घटक तेच आणि प्रमाणही तेच असूनही दोन डब्यांतील दारू सारखी वागत नाही, याचे कारण दाणा. प्रारंभी दारू नुसत्या पुडीच्या रूपात वापरीत. प्रवासात हेलकावे बसून तिचे घटक वेगळे होत, आणि नळीत ती दाबून बसली की आतपर्यंत ज्योत नीट शिरत नसे. पुढे, युरोपात पंधराव्या शतकात, मिश्रणाचे दाणे करण्याची रीत रूढ झाली. दाण्यांमधल्या फटींतून ज्योत धावते आणि प्रत्येक दाणा बाहेरून आत जळत जातो. चुलीचे उदाहरण घ्यावे. एक ओंडका घातला तर तो तासभर धुमसतो; त्याच ओंडक्याच्या ढलप्या केल्या तर त्या पाच मिनिटांत भडकतात. लाकूड तेवढेच, जळणारा पृष्ठभाग वाढला. दाण्याचा व्यास निम्मा केला, तर तेवढ्याच वजनात दाणे आठपट होतात आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग दुप्पट होतो. म्हणून बारीक दाणा त्वरेने जळतो, जाड दाणा सावकाश.

अमेरिकेत हा जाडेपणा ‘एफ’ या अक्षराने दर्शवितात. जितके ‘एफ’ अधिक तितका दाणा बारीक. एक एफ ही जाड दारू मोठ्या व्यासाच्या नळ्यांसाठी. दोन एफचा दाणा साधारण ०.६ ते १.२ मिलिमीटरचा, तो ०.५० इंच व त्यापुढील रायफलींना मानवतो. तीन एफचा दाणा सुमारे ०.३ ते ०.८ मिलिमीटरचा; तो पिस्तुलांना आणि ०.४५ इंचापर्यंतच्या रायफलींना. चार एफ ही अगदी बारीक दारू केवळ रंजकासाठी. एफच्या मागे ‘जी’ हे अक्षर असेल तर ती बंदुकीची दारू समजावी. ‘ए’ असेल तर ती मालिकाच वेगळी, तिचे मूळ प्रयोजन सुरुंगाचे. तेव्हा डब्यावरचे आकडेच नव्हे, अक्षरेही वाचावी लागतात.

ताईंच्या चिरंजीवांनी घेतलेल्या ०.३२ इंचाच्या रायफलीला तीन एफ दारूच योग्य, आणि त्याचे कारण वरच्या विवेचनातच आहे. पाव तोळ्याची गोळी हलकी. ती चटकन हलते आणि नळीबाहेर पडते. तिच्यामागे दारूचा बार मुळातच लहान. तो जाड दाण्याचा असेल तर बरीचशी दारू पुरती न जळताच काजळीच्या रूपाने मागे राहते, आणि गोळीचा वेग दर खेपेस बदलतो. तीन एफ दारू तेवढ्या अवधीत नीट जळते. मग आणखी बारीक, चार एफ, का वापरू नये? कारण तीमुळे नळीतील दाब फार त्वरेने चढतो. मुख्य बारासाठी ती वापरू नये असाच सर्वसाधारण दंडक आहे. चकमकीची बंदूक असल्यास मात्र रंजकासाठीही तीन एफ चालून जाते. म्हणजे घरात एकच डबा ठेवून काम भागते. एकच डबा असला की चुकीचा डबा उचलण्याचे भयही उरत नाही.

यानंतर मात्रेचा प्रश्न. इंग्रजीत ‘ग्रेन’ म्हणजे दाणाही आणि वजनाचे मापही. आपल्या गुंजेप्रमाणे ते वजनही मूळ एका बीवरूनच आले. मराठीत दाणा आणि ग्रेन हे दोन शब्द असल्याने तो घोटाळा टळतो, पण दुसरा एक संभवतो. मेट्रिक पद्धतीत वाढलेल्या आपल्या मुलांच्या जिभेवर ‘ग्रॅम’ बसलेला असतो. एक ग्रॅम म्हणजे सुमारे साडेपंधरा ग्रेन. २० ग्रेनांच्या जागी कोणी २० ग्रॅम समजला, तर मात्रा पंधरापट होईल. एवढा एक शब्द मुलाकडून नीट उच्चारून घेतला, तरी आईने मोठे काम केले म्हणावयाचे.

माप भरण्याची रीत अशी की, दारू तराजूवर न तोलता ग्रेनांच्या खुणा असलेल्या पितळी मापाने, म्हणजे आकारमानाने भरतात. बंदूक बनवणाऱ्याने दिलेल्या माहितीपत्रकातील किमान मात्रेपासून आरंभ करावा. ०.३२ इंचाच्या रायफलीत ही मात्रा बहुधा १५ ते २० ग्रेनांच्या आसपास असते. पाच गोळ्या एका मात्रेने झाडाव्या, लक्ष्यावरील छिद्रे किती जवळ पडली ते पाहावे, मग मात्रा थोडी वाढवून पुन्हा पाच झाडाव्या. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दारू, चिंधी आणि मात्रा तिन्ही एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला ते कळत नाही. माहितीपत्रकातील कमाल मर्यादा कधीही ओलांडू नये. लहान नळीची बंदूक बहुधा अल्प मात्रेतच उत्तम नेम देते.

दारू मिळवावी कोठून, हा पुढचा प्रश्न. आणि येथे एक आश्चर्य आहे. एकेकाळी अमेरिकेत दारूचे शेकडो कारखाने होते. त्यांतील अग्रणी ड्यू पाँटचा. लाव्हाझिए या विख्यात रसायनशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकलेल्या एल्युतेर इरेने ड्यू पाँटने तो १८०२ मध्ये डेलावेअर राज्यात ब्रँडीवाइन नदीकाठी काढला. तेथील गिरण्यांना तीन बाजूंनी जाड दगडी भिंती आणि नदीकडील बाजू मुद्दाम हलकी ठेवलेली असे. स्फोट झालाच तर त्याचा जोर पाण्याकडे निघून जावा ही योजना. त्या परंपरेतून आलेला ‘गोएक्स’ या नावाचा लुइझियानातील कारखाना अलीकडच्या काळात अमेरिकेतील काळ्या दारूचा प्रमुख आधार होता. सप्टेंबर २०२१ मध्ये तो बंद करण्याची घोषणा झाली, तेव्हा छंदिष्टांची तारांबळ उडाली. २०२२ मध्ये खेळण्यातील रॉकेटे बनवणाऱ्या ‘एस्टेस’ कंपनीच्या मालकांनी तो विकत घेऊन पुन्हा सुरू केला. त्या रॉकेटांच्या इंजिनांतही काळी दारूच लागते, म्हणून हा व्यवहार दिसतो तितका विजोड नाही.

याखेरीज स्वित्झर्लंडमधील ओबोन येथील ‘स्विस’ आणि जर्मनीतील ‘शुत्झेन’ या दारूही अमेरिकेत विकल्या जातात. स्विस दारू सामान्यतः अधिक जोरकस असल्याने तेवढ्याच मापात गोळीला जास्त वेग मिळतो. म्हणून एका नावाची दारू संपून दुसरी आणली की मात्रा पुन्हा खालपासून ठरवावी. टपालाने मागवल्यास धोकादायक मालाचे जादा शुल्क पडते. त्यामुळे तेथील मंडळी चार-सहा जण मिळून एकत्र मागणी नोंदवतात. यात पैसा तर वाचतोच, शिवाय नवख्याला जाणत्यांची संगत लाभते. इंडियाना राज्यातील फ्रेंडशिप या गावी १९३३ मध्ये स्थापन झालेली ठासणीच्या रायफलींची राष्ट्रीय संघटना आहे. तिच्याशी संबंध ठेवणाऱ्या मंडळांत ही विद्या रीतसर शिकता येते.

आता सर्वांत गंभीर मुद्दा. दुकानाच्या फळीवर काळ्या दारूशेजारी तिचे पर्याय ठेवलेले असतात. १९७६ मध्ये ‘पायरोडेक्स’ बाजारात आले. त्याचा जनक डॅन पॉलक १९७७ मध्ये कारखान्यातील स्फोटात तीन सहकाऱ्यांसह मरण पावला. या व्यवसायात जाणकारालाही सवलत नसते याचे हे विदारक उदाहरण आहे. पायरोडेक्स वजनाने हलके असल्याने ते काळ्या दारूइतक्याच आकारमानाने भरतात, वजनाने कधीही नाही. ‘ट्रिपल सेव्हन’ हा दुसरा पर्याय अधिक जोरदार. त्याचे माप सुमारे १५ टक्क्यांनी कमी घ्यावे असे उत्पादकच सांगतात. हे पर्याय पेट घेण्यास अधिक उष्णता मागतात, म्हणून टोपीच्या बंदुकीत चालतात. गारगोटीच्या बंदुकीला मात्र खरी काळी दारूच हवी.

आणि त्याच फळीवर तिसरा प्रकार असतो, तो निर्धूर दारूचा. १८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने ती शोधली. आजच्या काडतुसांत तीच असते. तिचे कणही पुष्कळदा काळेच दिसतात आणि इंग्रजीत दोहोंनाही ‘पावडर’च म्हणतात. ही दारू जुन्या पद्धतीच्या ठासणीच्या बंदुकीत घातली तर नळी फुटते. बोटे, डोळे, प्रसंगी प्राण जातात. दिसायला काळी म्हणून काळी दारू, हा समज घातक आहे. डब्यावरचे नाव वाचल्याखेरीज आणि नळीवर कोरलेली सूचना पाहिल्याखेरीज एक चिमूटही भरू नये. उघड्या वा बिननावाच्या डब्यातली, कोणी घरी केलेली, किंवा फटाके फोडून काढलेली दारू तर सर्वथा वर्ज्य.

काळी दारू जळाल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन रूपात मागे राहतो. काही धुरात जातो, काही नळीला चिकटतो. अरुंद नळीत हा थर लवकर जाचतो. दुसरी-तिसरी गोळी उतरेनाशी होते आणि जोर केल्यास बारीक लाकडी गज मोडून हातात घुसतो. म्हणून दर खेपेस ओलसर चिंधी फिरवावी. या काजळीतील क्षार हवेतील ओल शोषून रात्रीतून लोखंडाला गंज चढवतात. त्यांवर उत्तम उपाय म्हणजे साधे साबणाचे पाणी, आणि नंतर कोरडे करून तेलाचा हात.

आणखी चार गोष्टी. डब्यातून थेट नळीत दारू ओतू नये. आत निखारा राहिला असेल तर डबाच हातात पेटेल, म्हणून आधी मापात आणि मग नळीत. गोळी दारूवर पक्की टेकली पाहिजे. मध्ये पोकळी राहिल्यास नळीला धोका असतो, त्यासाठी गजावर खूण करावी. याच खुणेने एकदा भरलेली बंदूक चुकून पुन्हा भरण्याचा प्रसंगही टळतो. बार उडाला नाही तर बंदूक लक्ष्याकडेच रोखून निदान मिनिटभर थांबावे. दारू मूळ डब्यातच, कोरड्या व थंड जागी, अग्नी आणि मुले यांपासून दूर ठेवावी. ओल लागलेली दारू वाळवून वापरू नये.

कायद्याचेही भान हवे. अमेरिकेच्या संघराज्याच्या कायद्यात अशा बंदुकांच्या छंदासाठी ५० पौंडांपर्यंत काळ्या दारूला सूट आहे. पण राज्याचे आणि शहराचे नियम निराळे आणि पुष्कळदा कडक असतात, तेव्हा स्थानिक अग्निशमन खात्याकडे विचारणा करावी. आपल्याकडे ठासणीच्या बंदुकीलाही १९५९ चा शस्त्र कायदा लागू आहे आणि दारूवर स्फोटक पदार्थांचे नियम. कोडगूतील कोडव समाजाला असलेल्या परंपरागत सवलतीचा दाखला इतरांनी देऊन उपयोग नाही. आजोबांची भिंतीवरची बंदूक ‘जुनी आहे’ म्हणून बिनपरवाना ठेवता येत नाही, आणि ती झाडून पाहण्याचा मोह तर कोणी धरू नये. तिच्यात कित्येक वर्षांपूर्वीचा बार भरलेला असल्याची शक्यता असते.

ताईंनी मुलाला विचारावयाचे प्रश्न आता थोडक्यात असे: डब्यावर उत्पादकाचे नाव काय आणि ‘एफ’ किती? माप ग्रेनांचे ना? माहितीपत्रकात कमाल मात्रा किती दिली आहे? घरात निर्धूर दारूचा डबा तर नाही? आणि शेजारी उभा राहून शिकवणारा जाणता माणूस कोण? या पाच प्रश्नांची उत्तरे मुलगा न अडखळता देत असेल, तर त्याने छंद समजून घेतला आहे असे मानावे आणि निर्धास्त असावे. अडखळला, तर रागे न भरता पुढच्या पत्रासोबत हे पान पाठवून द्यावे. अग्नीच्या औषधालाही पथ्य असते. ते पाळणाऱ्याच्या हाती ते सहसा विष होत नाही.